चाखून पाहिलेले खुळखुळे

“आवाज कमी कर, वहिनी. पुढे दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक येईल.”

“येऊ दे. त्यालाच तर ऐकू जायला हवं.”

मोठीने टेबलावरची ताटं कोपराने बाजूला सारली आणि मधोमध डबा आदळला. रंगाचा पत्र्याचा डबा, टोपणाच्या कडेने लाल ओघळ वाळून घट्ट झालेला. भाजीतला चमचा उडून खाली पडला, तो कुणी उचलला नाही.

“वाच,” ती म्हणाली.

“वाचलंय मी.”

“मोठ्याने वाच. तुझ्या दादालाही ऐकू दे.”

धाकट्याने घास गिळला, वर पाणी प्यायला. मग मोठीनेच डब्यावरचं वाचलं. दारं, खिडक्या आणि फाटकांसाठी. मुलांच्या हाती लागू देऊ नये. शाळेत धडा वाचावा तसं तिने एकेक शब्द सुटा करून वाचलं आणि डब्याशेजारी एक खुळखुळा ठेवला. खुळखुळ्याच्या लाल गोळ्यावर तिने सुरीने एक रेघ ओढली होती. रेघेच्या दोन्ही कडांनी रंग उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखा उलगडून आला होता.

“न वाचता आणला असतास तर मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं,” ती म्हणाली. “तू वाचून आणलास.”

एरवी ती दिराला भावोजी म्हणायची आणि अहोजाहो करायची. आज सकाळी लाकडाच्या भुशाच्या पोत्यामागे हा डबा सापडल्यापासून ते सुटलं होतं.

या घरात दोन भाऊ, दोन जावा आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली खेळण्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक लेथ, एक करवत आणि रंगाची एक अंधारी खोली. थोरला, म्हणजे मोठीचा नवरा, लेथवर लाकूड कातायचा. धाकटा रंग आणि बाहेरची विक्री बघायचा. धाकट्याच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणत. ती पुढच्या खोलीतलं दुकान सांभाळायची. आणि मोठीच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही खेळणं घराबाहेर पडायचं नाही. हाताखालून कसलं, तोंडातून.

ही रीत सासूची. सासू फार बोलणारी बाई नव्हती. नवी सून घरात आल्यावर तिने तिला मागे नेलं, एक लाकडी घोडा हातात दिला आणि म्हणाली, घाल तोंडात. सुनेला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय, आणि हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. तेव्हा सासूने स्वतःच घोड्याचा कान दाढेखाली धरला, बराच वेळ चघळला आणि बाहेर काढून उजेडात बघितला. मग म्हणाली, “बाळ काय करतं याचं? हेच करतं. मग आधी आपण करायचं.”

तेव्हापासून मोठी हेच करत आली. रोज सकाळी, चहासुद्धा घ्यायच्या आधी, चूळ भरून ती खिडकीशी बसायची आणि टोपलीतलं एकेक खेळणं तोंडात घालायची. बोटाला न लागणारं कुसळ जिभेला लागतं. सांध्यातून सरस बाहेर आला असेल तर तो आंबटसर लागतो. तेल नीट मुरलं नसेल तर घशाशी येतं. जे पास झालं ते उजवीकडे, जे नाही ते चुलीत. थोरल्याने दोन दिवस खपून केलेली आगगाडी तिने एकदा चुलीत घातली होती, कारण तिचा भोंगा ओढला की हातात येत होता. थोरला त्या दिवशी जेवला नाही. तिनेही त्याचं ताट वाढलं नाही.

गल्लीत तिला चाखूबाई म्हणत. पोरं लांबून ओरडायची, “चाखूबाई, आज काय, हत्ती की उंट?” ती सांगायची, “हत्ती. तुझ्यापेक्षा गोड आहे.”

दुकानात मात्र तिला बसू द्यायला धाकटी तयार नसायची. कारण मोठी माल विकण्याऐवजी परत ठेवायची. पोटाशी बाळ धरून आलेल्या बाईच्या हातातून गाडी काढून घेत म्हणायची, “ही नको. चाकाची खुंटी सुटली तर सरळ घशात. पोर तीन वर्षांचं झालं की या.” ओढायच्या बदकाची दोरी लांब असली तर गिऱ्हाइकासमोरच कात्रीने तोडायची, गळ्याभोवती बसते म्हणून. कुणी कौतुकाने म्हणालं की आम्ही घरात प्लॅस्टिक आणतच नाही, लाकूड म्हणजे कसं नैसर्गिक, तर तिच्या कपाळावर आठी यायची. “लाकूड काय साधू आहे का? कुसळ त्यालाही असतं, कीड त्यालाही लागते, आणि वरून काय फासलंय ते त्याला कुठे बोलता येतंय? वास घ्या, ओढून बघा, ओल्या फडक्याने घासा. मग नैसर्गिक म्हणा.” गिऱ्हाईक हिरमुसून दुसरं काहीतरी घेऊन जायचं, किंवा काहीच न घेता. पण पुढच्या बाळाच्या वेळी तेच गिऱ्हाईक परत यायचं आणि आधी विचारायचं, त्या रागीट बाई आहेत का?

बाजारपेठेतल्या नव्या दुकानाने हेच हेरलं. काचेत हिरव्या कुंड्या, आत पिवळसर उजेड, फळ्यांवर अगदी थोडी खेळणी, जणू ती खेळायची नसून बघायची आहेत. धाकटा तिथे नमुने घेऊन गेला आणि बोलता बोलता वहिनीची गोष्ट सांगून आला. मालकीण खूश झाली. तिने जाड तपकिरी कागदाची कार्डं छापली, वर एक पान आणि खाली मजकूर: नैसर्गिक रंग. प्रत्येक खेळणं घरच्या आजीने स्वतः चाखून पाहिलेलं. मोठीने कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं होतं. “आजी कुणाला म्हणतेय ही?” एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. पण ते कार्ड तिने आरशाच्या कडेला खोचलं, हे धाकटीने बघितलं होतं.

अडचण लाल रंगाची होती. कांद्याच्या सालीचा पिवळा टिकायचा, अक्रोडाच्या टरफलाचा तपकिरी तर लाकडाबरोबर म्हातारा व्हायचा. पण बिटाचा लाल काचेतल्या उजेडात महिन्याभरात उतरायचा आणि जुन्या जखमेसारखा दिसायला लागायचा. मालकीण म्हणाली, लाल म्हणजे लाल हवा, नाहीतर माल परत न्या. धाकट्याने घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही. त्याने डबा आणला.

“ते पाण्यातलं आहे,” तो आता म्हणत होता. “वाळलं की काही राहत नाही त्यात. दुकानदाराने सांगितलं मला.”

“कुठल्या? फाटकांच्या?”

“आणि एक सांगू का, वहिनी?” धाकट्याने ताट पुढे ढकललं. “तूच तर पास केलेस ते. ते सगळे खुळखुळे तुझ्या तोंडातून गेलेत. एकेक. खिडकीशी बसून. तेव्हा काही लागलं का जिभेला? नाही ना? मग आता कसलं विष आठवतंय?”

मोठीने खुळखुळ्याकडे बघितलं. तिला आठवत होतं. त्या सकाळी खुळखुळे गुळगुळीत लागले होते, मेणाचे, नेहमीपेक्षाही चांगले. तिने नवऱ्याला हाक मारून सांगितलंही होतं, या वेळी हात बसला बघा तुमचा. आणि लाल बघून तिला बरं वाटलं होतं, की बीट या खेपेला चांगलं निघालं.

तिने खुळखुळा उचलला. सुरीने फाटलेल्या रंगाची कड नखाने धरली आणि ओढली. वर पातळ, दुधी, तेलकट थर, खाली लाल.

“मेण,” ती म्हणाली. “रंगावरून मेणाचा हात दिलास.”

“चकाकीसाठी.”

“चकाकीसाठी नाही. माझ्या जिभेसाठी.”

धाकट्याने डब्याचं टोपण घट्ट दाबलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी हयात ज्या जिभेवर भरवसा ठेवला, ज्या जिभेपायी सकाळचा पहिला चहा गार होऊ दिला, तिला याने एक बोटभर मेण फासून गप्प केलं होतं. आणि ती जीभही काय कामाची? मेण नसतं तरी तिला काय कळलं असतं? सरस कळला असता, कुसळ कळलं असतं. फाटकाच्या रंगात काय कालवलेलं असतं हे कुठल्या जिभेला कळतं? हा विचार तिला मेणापेक्षाही जास्त झोंबला आणि तिने तो कुणावर तरी काढायचा म्हणून नवऱ्याकडे मान वळवली.

“तुम्हाला माहीत होतं?”

थोरला मघापासून ताटातल्या भाताच्या कडा सारख्या करत होता. लेथवर त्याचा हात कधी थरथरला नाही. बायकोसमोर मात्र तो नेहमी काहीतरी सारखं करत बसायचा.

“मला कुणी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला.

“सांगितलं होतं का, ते नाही विचारलं. माहीत होतं का?”

“वास आला होता,” थोरला म्हणाला. “रंगाच्या खोलीतून. एकदोनदा.”

“आणि?”

“मला वाटलं, फाटक रंगवतोय.”

“आपल्याला फाटक कुठाय?”

यावर धाकटीला हसू फुटलं आणि तिने ते पदरात दाबलं. हसू वाईटच होतं, पण घराला फाटक नाही हे इतकं खरं होतं की ते आवरेना. धाकटीची नात तिच्या पायाशी जमिनीवर बसली होती. धाकटीची मुलगी कामावर जाताना लेकीला रोज इथे सोडून जायची. पोरीला खालचे दात येत होते, त्यामुळे हाताला लागेल ते ती तोंडात कोंबायची: चपलेचा पट्टा, टेबलाचा पाय, आजीची किल्ली. भिंतीशी बाजारपेठेत न्यायचं नवं खोकं उघडं पडलं होतं. मोठीने सकाळी त्यातलाच खुळखुळा उचलून सुरी चालवली होती.

भांडणात कुणाच्या लक्षात आलं नाही इतक्या शांतपणे पोरगी रांगत खोक्यापाशी गेली, कडेला धरून उभी राहिली आणि एक लाल खुळखुळा ओढून काढला. तो वाजला. तिला आनंद झाला. तिने तोंड उघडलं.

धाकटा खुर्ची पाडून उठला. दोन ढांगांत तिथे पोचून त्याने पोरीच्या हातातून खुळखुळा हिसकला, इतक्या जोरात की ती मागच्या मागे बसली आणि मग रडायला लागली. त्याने तिच्या ओठांवरून अंगठा फिरवला, अंगठा बघितला, पुन्हा फिरवला. “नाही ना गेलं? तोंडात गेलं का गं तिच्या?” तो बायकोला विचारत होता.

मग त्याला कळलं की सगळे त्याच्याकडेच बघतायत.

धाकटी उठली. तिने नातीला उचलून कडेवर घेतलं, तिचं नाक पुसलं आणि नवऱ्याकडे बघितलं. ती या घरात कधी भांडणाच्या मध्ये पडायची नाही. कुठली बाजू घ्यायची हे ठरेपर्यंत भांडण संपलेलं असायचं. आज तिला वेळ लागला नाही.

“म्हणूनच होय,” ती म्हणाली. “मी परवा तिला हाच खुळखुळा देत होते, तर म्हणालात, विकायचा माल आहे, ठेव. जुना हत्ती काढून दिलात कपाटातून. मला वाटलं, काय जीव आहे आजोबाचा.”

“अगं, उगाच कशाला म्हणून—”

“उगाच नाही. तुम्हाला माहीत होतं. आपल्या पोरीला जुना हत्ती, आणि लोकांच्या पोरांना फाटक.”

मोठीला बोलायचं होतं ते सगळं जावेने बोलून टाकलं होतं. तिने पदर खोचला, नवं खोकं उचलून दाराबाहेर ठेवलं, डबा आणि सोललेला खुळखुळा पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालीस?” थोरल्याने विचारलं.

“ज्या दुकानात मला आजी म्हणतात तिथे.”

“मी येतो.”

“तुम्ही भात सारखा करा.”

बाजारपेठेतल्या दुकानात दुपारची शांतता होती. मालकीण फळीवरची खेळणी पिसांच्या झटकणीने झटकत होती. मोठीला बघून तिचा चेहरा फुलला. “अय्या, तुम्हीच का त्या? किती गिऱ्हाइकं तुमच्याबद्दल विचारतात माहितीये?”

मोठीने काउंटरवर डबा ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. चार वाक्यांत संपलं. मालकिणीने डब्यावरचं वाचलं, खुळखुळ्याची साल बघितली आणि आधी दुकानाच्या दाराकडे नजर टाकली. कुणी आलं नव्हतं.

“बसा ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “हे असं होतं कधी कधी. आपण काय करू, ही फळीवरची मी गुपचूप काढून ठेवते. आणि पुढच्या मालावरचं कार्ड बदलू. नैसर्गिक रंग लिहायचंच नाही. नुसतं, प्रेमाने बनवलेलं.”

“विकले गेले त्यांचं काय?”

“त्यांचं आता कसं कळणार कुणाकडे गेले ते? शिवाय कुणाची तक्रार नाही आलेली.”

“ज्यांची पोरं ते चघळतायत त्यांना बोलता येत नाही,” मोठी म्हणाली. “तक्रार कशी येईल? दारावर पाटी लावा. लाल खुळखुळा नेला असेल तर बाळाला देऊ नका, परत आणा.”

“माझ्या दुकानाच्या दारावर?” मालकीण हसली, मग तिचं हसू गेलं. “अहो, लोक माझ्याकडे कशासाठी येतात? विश्वासाने येतात. अशी पाटी लावली तर सगळ्याच मालावर संशय घेतील. आणि खरं सांगू, माझी काय चूक? तुम्ही चाखलेत ते. कार्डावर तुम्ही आहात.”

एका दुपारी दुसऱ्यांदा हे तिला ऐकावं लागत होतं, आणि या वेळीही ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिला इतका संताप आला, की काचेतल्या कुंड्या एकेक करून रस्त्यावर फेकाव्यात. तिने फेकल्या नाहीत. ती फळीकडे गेली आणि लाल रंगाचं जे जे होतं ते पदरात भरायला लागली. खुळखुळे, लाल शेंड्याचे भोवरे, लाल चोचीचं बदक. मालकीण मागून “अहो, अहो” करत होती.

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण बाई आत आली. बाळगाडीत बाळ झोपलं होतं. तिने फळीवरून एक पिवळं माकड उचललं, उलटं केलं, कार्ड वाचलं आणि समाधानाने मान हलवली. तिने माकडाचा वास घेतला नाही, हात ओढून बघितला नाही, काही नाही. कार्ड वाचलं आणि पैसे काढायला पर्स उघडली.

मोठीचा हात फळीवरच थांबला. माकड निर्दोष होतं, कांद्याच्या सालीचं, तिनेच पाठवलेलं. पण त्या बाईला ते कुठे माहीत होतं? लाल माकड असतं तरी तिने हेच केलं असतं. एका चाखूबाईच्या नावावर हिने डोळे मिटले होते.

“कार्ड वाचू नका,” मोठी तिला म्हणाली. “हात ओढून बघा. निघतो का बघा. ओल्या रुमालाने पुसा. पुसा ना.”

तरुण बाई दचकली. “तुम्ही कोण?” तिने विचारलं.

“कार्डावरची,” मोठी म्हणाली. “याआधी इथून लाल काही नेलंत का?”

बाईने आधी मालकिणीकडे बघितलं, मग बाळगाडीकडे. गाडीच्या दांडीला एक लाल खुळखुळा दोरीने बांधलेला होता. त्याची एक बाजू चघळून मेण गेलेली, निस्तेज झाली होती. मधोमध नखाएवढं पांढरं लाकूड दिसत होतं. तिथला रंग कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

मोठीने दोरी दातांनी तोडली. त्या बाईला तिने सगळं सांगितलं, डबा दाखवला, आणि आजच्या आज डॉक्टरकडे जा, जाताना डब्यावरचं हे लिहून न्या म्हणाली. बाई रडली नाही. ती ओरडली, आधी मालकिणीवर, मग मोठीवर, आणि मोठीवर जास्त. मोठी उभी राहून ते ऐकत राहिली. तिला जन्मात कुणी एवढं बोललं नव्हतं आणि तिने ऐकून घेतलं नव्हतं.

ती घरी परतली तेव्हा टेबल आवरलेलं होतं. दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. धाकटी नातीला मांडीवर थोपटत होती. मोठीने पदरातला माल जमिनीवर ओतला. खुळखुळे सगळ्या खोलीभर वाजत घरंगळले आणि पोरगी जागी झाली.

“वहिनी,” धाकटा म्हणाला, “माझं चुकलं. मालकीण माल परत न्या म्हणाली होती, मग—”

“बस खाली.”

तो बसलेलाच होता.

ती पाणी प्यायली. मग भांडं पालथं घालून, कुणाकडेही न बघता बोलली. आवाज चढवला नाही.

“रंगाच्या खोलीला मी येतानाच कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे. यापुढे इथून निघेल ते साधं लाकूड, तेल लावलेलं. रंगच हवा असेल तर तो आधी प्रयोगशाळेत तपासणीला जाईल आणि तिथून चांगला ठरून येईल; माझ्या जिभेवर आता काही विकायचं नाही. उद्यापासून दुकान उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत मी बाजारपेठेत त्या बाईच्या दारासमोर स्टूल टाकून बसणार आहे. लाल काही नेलेलं असेल त्याच्याकडून परत घेणार आणि का घेतेय ते सांगणार. भावोजी माझ्या शेजारी बसतील, डबा मांडीवर घेऊन. किती दिवस लागतील माहीत नाही. तोवर स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा.”